मातीतलं सुटणारं

"बयाक्का, तुम्ही माती धुऊन पाठवलीत?"

मी जवळजवळ किंचाळलेच. ती परसात पाटावर बसून परात हलवत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते.

"मग? घाणच पाठवू व्हय कालेजात? मानसानं लाजंनं मरावं!"

मी तिथंच कट्ट्यावर बसले, कपाळावर हात मारून घेतला आणि मग जी हसत सुटले ती थांबेचना. बिचारी घाबरली. आतून लेकीला हाक मारून म्हणाली, "शालन, पानी आन गं. ह्या बाईला ऊन लागलंया."

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापूरकडच्या एका शेती कॉलेजात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. नाव सुलोचना मगदूम, अंगानं काडी, तोंडानं फटकळ. माझी आई म्हणायची, हिला सासू मिळायची नाही, मिळाली तर टिकायची नाही.

बोरगोंड हे गाव चांदीकामाचं. घरोघर पैंजण, छल्ले, जोडवी. चांदीच्या कारखान्यातला केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. झारेकरी तो विकत नेतो, पाण्यात धुतो, आणि परातीच्या तळाशी राहिलेले कण गोळा करून त्यातली चांदी काढतो. बयाक्का असल्याच एका झारेकऱ्याची बायको. नवरा गेला तरी तिच्या हातातली परात काही सुटली नाही. पुढं ग्रामपंचायतीनं ओढ्याकाठची पड जमीन गावातल्या एकट्या बायकांना भाजीपाल्यासाठी वाटून दिली, तेव्हा घरामागचाच एक तुकडा हिला मिळाला. तिनं त्यात मेथी, पालक, तांदळी असं काय काय लावलं, आणि हाताला गुण असा, की बाजारात तिची पेंडी सगळ्यांच्या आधी संपायची. जन्मभर दुसऱ्याचा केर उचललेल्या बाईला गावातल्या मोठ्या घरच्या सुना "अक्का, आमची मेथी बाजूला ठेवा हं" म्हणायला लागल्या होत्या. त्या वाफ्यावर तिचा जीव होता.

मग ओढ्याच्या पाण्याबद्दल ओरड झाली. तालुक्याचे कृषी अधिकारी घोरपडे साहेब. माणूस भला, पण कामानं पिचलेला. त्यांनी सगळ्या बायकांना कापडी पिशव्या वाटल्या आणि ज्यानं त्यानं आपापल्या वाफ्यातली माती भरून द्यावी म्हणून सांगितलं. त्या पिशव्या आमच्याकडे आल्या. बाकी सगळ्या ठीक होत्या. बयाक्काच्या पिशवीतली माती आम्लात विरघळवून यंत्राला लावली आणि यंत्राचा काटा नुसता वेडा झाला. तांबं, शिसं, कॅडमियम, जे बघावं ते डोक्यावरून पाणी. घोरपडे साहेबांचा लगेच फोन आला, "मॅडम, हा वाफा काढून घ्यावाच लागणार. शनिवारच्या ग्रामसभेत विषय घेतलाय."

पण मला एक गोष्ट खटकत होती. मातीत धातू एकूण किती, हा झाला एक प्रश्न. त्यातला किती धातू मातीच्या कणांना नुसता वरवर टेकून बसलाय, आणि म्हणून मुळांच्या तोंडी जाऊ शकतो, हा दुसरा. त्यासाठी माती मॅग्नेशियम क्लोराईडच्या पाण्यात तासभर हलवायची. मॅग्नेशियम जाऊन धातूला म्हणतो, ऊठ, आता मी बसतो. एसटीत उपऱ्याला उठवावं तसं. जो उठतो तो पाण्यात येतो, तो मोजायचा. पुस्तकात त्याला विनिमयक्षम अंश असं भारदस्त नाव आहे, आम्ही प्रयोगशाळेत नुसतं 'सुटणारं' म्हणायचो. बयाक्काच्या मातीत एकूण धातू डोंगराएवढा आणि सुटणारं जवळजवळ शून्य. असं कसं होईल? आमचे हेर्लेकर सर म्हणाले, "यंत्र तपास." यंत्र तपासलं. यंत्र शहाणं होतं. म्हणून मी एसटीनं बोरगोंड गाठलं आणि ही समोर परात हलवत बसलेली.

"पिशव्या वाटाय आल्ता त्यो साहेबाचा पोरगा काय म्हनला? मातीत धातू हाय का बगायचा हाय," बयाक्का मला समजावत होती. "मग मी म्हनलं, एवढी माती त्यास्नी कशाला चिवडाय लावायची? धुतली, गाळ सोडला, तळाला ऱ्हायलं त्ये भरलं. चार घमेली माती धुतली तवा कुठं ती पिशवी भरली, बाई. उगं न्हाई."

तिनं मातीतली माती काढून टाकली होती आणि मला नुसता धातू पाठवला होता. डाग द्यायच्या, म्हणजे सांधे जोडायच्या कॅडमियमवाल्या धातूचे, तांब्याचे, चांदीचे कण. दुसऱ्या कुठल्या गावातल्या बाईला हे सुचलं नसतं. यंत्र तरी काय करणार!

"अहो अक्का, तुमचा वाफा जाणार होता की हो या धुण्यापायी!"

तिचा चेहरा एकदम उतरला. "म्हंजी?"

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं परात खाली ठेवली. "मग आता?"

"आता मी स्वतः माती घेते. तुम्ही हात लावायचा नाही."

वाफ्यात ठिकठिकाणी खड्डे घेऊन मी माती काढली, फडक्यावर मिसळली, निम्मी निम्मी करत पिशवीपुरती ठेवली. शालन बांधावर उभी राहून बघत होती. पहिलटकरीण, सहाव्यात माहेरी आलेली, गोल चेहऱ्याची हसरी मुलगी. "बाई, आमच्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा कुनाला तरी फुकट धुऊन दिलं, आनि त्येच अंगलट आलं बगा," ती म्हणाली आणि दोघी मायलेकी खळखळून हसल्या. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, तांदळीची भाजी, वर कच्चं तेल. शालननं दोनदा भाजी वाढून घेतली. "हितं आल्यापासनं दुसरं काय गोडच लागंना तिला," बयाक्का कौतुकानं म्हणाली. निघताना माझ्या पिशवीत पालकाची भलीमोठी पेंडी कोंबली.

नव्या मातीचा आकडा आला तेव्हा मी प्रयोगशाळेत टाळी वाजवली. एकूण धातू मर्यादेच्या आत. घोरपडे साहेबांना फोन केला, तेही खूश झाले, "बरं झालं मॅडम, त्या म्हातारीचा शाप लागला असता मला." वास्तविक मी तिथं थांबायचं. पण सवयीनं मी तीच माती मॅग्नेशियमच्या पाण्यात टाकली, हलवणीवर लावली, तासानं गरगर फिरवून वरचं निवळ पाणी घेतलं आणि यंत्राला लावलं.

आणि आकडा बघून मी उभीच राहिले.

कॅडमियम थोडंच होतं, पण जे होतं त्यातलं बहुतेक सगळं सुटून पाण्यात आलं होतं. मी बाटल्या पुन्हा आम्लात धुतल्या. नुसतं पाणी लावून बघितलं, ते स्वच्छ. परत माती घेतली, परत हलवली. परत तेच. मग मातीचा आंबटपणा मोजला. चांगलीच आंबट झालेली माती! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धुतलेला केर झारेकरी शेवटी तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, टाकतात. आणि बयाक्काच्या न्हाणीचा पाट मी माती काढताना बघितला होता, ते तेजाबाचं पाणी त्यातून थेट वाफ्यात जात होतं, पाणी फुकट का घालवायचं म्हणून. आंबट मातीला धातू धरून ठेवता येत नाही. मग घरी ठेवलेला पालक आठवला. वाळवला, विरघळवला, मोजला. पानात कॅडमियम होतं, आणि पालेभाजीत असावं त्याच्या कितीतरी वर होतं.

सरांनी कागद दोनदा वाचला. "सुलोचना, आपल्याला विचारलंय एकूण किती. मर्यादा ठरलीय तीही एकूण धातूची. त्या हिशेबानं माती चांगली आहे."

"आणि भाजी, सर?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "खाली लिही. एकूण मर्यादेत, परंतु सुटणारा अंश जास्त, भाजी खाण्यास अयोग्य. मी सही करतो. पण खालची ओळ वाचतो कोण, हे तुलाही माहीत आहे नि मलाही."

सभा संध्याकाळी होती. मी सकाळच्याच गाडीनं गेले. कागदावरून कळण्यापेक्षा तिला माझ्या तोंडून कळावं असं मला वाटत होतं. शालन शेजारी गेली होती, हे एक बरं झालं. बयाक्कानं मला बघताच बोटं मोडून दृष्ट काढली. "आलीस व्हय माझे बाई! साहेबाचा मानूस सांगून गेला, माती चांगली निघाली म्हनून."

आता कुठून सुरू करावं? मी एकूण म्हणाले, सुटणारं म्हणाले, आंबटपणा म्हणाले, न्हाणीतलं तेजाब म्हणाले. ती नुसती मान हलवत होती, देवळात पोथी ऐकावी तशी. शेवटी मी तिची परात ओढून पुढ्यात घेतली.

"अक्का, केराची दोन पोती आली. एकात चांदी पुष्कळ, पण दगडात अडकलेली, कितीही धुवा, सुटत नाही. दुसऱ्यात थोडीच, पण मोकळी. तुम्ही कुठलं पोतं घ्याल?"

"दुसरं. आत किती हाय त्याचं काय लोनचं घालायचंय? हातात येतंय तेवढंच आपलं."

"तुमची माती दुसऱ्या पोत्यासारखी आहे. आणि त्यातलं मोकळं झालेलं चांदी नाही, विष आहे. ते भाजीच्या मुळांच्या हातात येतंय."

तिला कळलं. कळलं तसा तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. तिनं विचारलं, "आनि भाजी खानाऱ्याच्या?"

"भाजीतून पोटात. रोज थोडं थोडं. मूत्रपिंडाला वाईट, हाडांना वाईट."

"शालन महिना झाला रोज खातीया."

मी परात बाजूला सरकवली.

"तिच्या पोटातल्याला?"

"अक्का, मला मातीतलं कळतं. पोटातलं मी सांगू शकत नाही. महिन्यानं फार काही बिघडलं नसेल असं वाटतं, पण खोटा दिलासा देणार नाही. आजपासून बंद करा. आपण तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ, मी येते बरोबर."

ती उठली, परसाच्या दारात जाऊन उभी राहिली. समोर वाफा होता, नुसता हिरवागार. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, माझ्यावरच उलटली.

"तू मला तारायला आलतीस का बुडवायला गं? पयल्यांदा म्हनलीस वाईट, मग म्हनलीस चांगली, आता म्हंतीस वाईट. मानसाचा जीव हाय का चेंडू?"

"चुकलं नाही माझं, अक्का. पहिली माती..."

"साहेबाच्या कागदात काय हाय?"

"वर लिहिलंय मर्यादेत आहे. खाली एक ओळ आहे, भाजी खाऊ नये म्हणून. ती साहेबांनी वाचली नाही तर मी उभी राहून सांगणार आहे."

"तू न्हाई बोलायचंस."

"अक्का!"

"तू न्हाई बोलायचंस म्हंते ना! पयला शब्द तुज्या तोंडनं निघला तर बग. माझी आन हाय तुला." आणि दार लावून घेतलं.

मी दिवसभर गावात वेड्यासारखी फिरले. चहा प्यायले, तो गोड लागला नाही. वाफा गेला तर ती पुन्हा केर उचलणार, हे मला दिसत होतं. तिला तो जाऊ द्यायचा नाही, हेही दिसत होतं. कुणाला तरी विष विकत बसणार का ही बाई? मला तिचा राग आला आणि रागाची लाजही वाटली. शपथ घातली तर घातली, आपण बोलायचंच, असं ठरवून मी सभेला गेले.

सभा शाळेच्या पटांगणात होती. सगळ्या वाफेवाल्या बायका पुढं बसल्या होत्या. बयाक्का मधोमध, शालन तिच्या शेजारी. घोरपडे साहेबांनी कागद उघडला, वरची ओळ वाचली आणि घडी घातली. "धातूचं प्रमाण मर्यादेत आहे. आधीच्या मातीत गफलत झाली होती."

सरपंच हसून म्हणाले, "अक्का, वाफा तुमचाच. आता पेढं कधी देतासा?"

टाळ्या पडल्या. शेजारच्या वाफ्यातल्या तानूबाईनं बयाक्काच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी मागून ओरडलं, "अक्का, उद्या मेथीची पेंडी माझी!" मी उठायला लागले. तेवढ्यात बयाक्का माझ्या आधी उठली.

"न्हाई," ती म्हणाली. "कुनी घिऊ नगासा माझी भाजी."

लोकांना वाटलं, चेष्टा करते आहे. दोघं-तिघं हसले.

"हसू नगासा. कागदात खाली अजून एक वळ हाय, ती साहेबांनी वाचली न्हाई. मातीतनं सुटनारं इख जास्त हाय, माझ्या वाफ्यातली भाजी खान्याजोगी न्हाई. माझ्याच न्हानीतनं तेजाबाचं पानी जात हुतं त्यात. मला म्हाईत न्हवतं. पर मीच सोडलंया." मग ती खाली बसलेल्या लेकीकडे बघायला लागली आणि तिचा आवाज फुटला. "मी... मी माझ्या हातानं वाढलंय माझ्या पोरीला. सातवा लागलाय तिला. आनि मी वाढत हुते, अजून घे, अजून घे म्हनून."

घोरपडे साहेबांनी घडी उलगडली, खालची ओळ बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मग एकच गलका झाला. तानूबाई ताडकन उठली. "तुजं बिघडलं ते बिघडलं, आता बाजारात आमची भाजी कोन घेनार? सगळ्यांच्या पोटावर पाय आनलास की!"

"मी माझ्या वाफ्याचं बोलले, तानू."

"वाफं काय दोन देशांत हायेत? बांधाला बांध हाय!"

"म्हनूनच बोलले," बयाक्का म्हणाली. "ही पोरगी बोलनार हुती. म्या तिला गप केली. भायेरची बाई बोलली असती, तर तुमी तिला वेड्यात काढून उद्या माझीच मेथी नेली असती. माझं तरी खरं मानाल." मग सरपंचांकडे वळून म्हणाली, "वाफा काढून घ्यायचा तर घ्या. मी भांडनार न्हाई."

सरपंचांनी घोरपडे साहेबांकडे बघितलं, साहेबांनी आकाशाकडे. सभा उठली म्हणण्यापेक्षा फुटली.

बयाक्का कुणाशी न बोलता तडक घरामागं गेली. मी मागून धावत गेले तोवर तिनं पदर खोचला होता आणि पालक मुळासकट उपटायला लागली होती. अजून उजेड होता. ओंजळभर उपटायची, बाजूला फेकायची. मी वाकले तर म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. कुठं पुरायचं तेवढं सांग. गुरानं तोंड लावाय नगं." मी सांगितलं. चुना किती घालायचा, पाणी कुठं वळवायचं, पुढं फुलं लावता येतील, तेही सांगत सुटले. ती ऐकत होती की नाही देव जाणे.

बांधावर एकेक करून बायका येऊन उभ्या राहिल्या. तानूबाई माझ्यासमोर आली. डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले.

"माझीबी मोज," ती म्हणाली. "तसलीच मोज. सुटनारं."

तिनं शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. मी पिशवी काढली. तिच्यामागं दुसरी उभी राहिली, मग तिसरी. पुढचा अख्खा हिवाळा मी बोरगोंडची माती मोजली. काहींची चांगली निघाली, काहींची नाही. तानूबाईची नाही निघाली. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी शालन सगळ्यांत शेवटी आली, एका हातानं कंबर धरून, हळूहळू. बयाक्कानं तिला बघितलं आणि ओरडली, "हिकडं येऊ नगंस! हात लावू नगंस कशाला!"

"न्हाई लावत."

"मग घरात जा. जा म्हंते ना!"

शालन घरात गेली नाही. ती बांधावर टेकली, आई उपटत होती तिथून हातभर अंतरावर. "मला काय झालं न्हाई, आई," ती म्हणाली. "आनि झालं असलं तर आपुन दोघी बगू. तू एकटीनं नको काढू. मी बसते हितं."

बयाक्का तेव्हा रडली. मातीच्या हातांनी तोंड पुसायला गेली, मध्येच थांबली, हात दूर धरून तशीच रडत राहिली. मग शालननंच आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं.